एक जून सगळ्यांचा

१९८७च्या तीस मेला सकाळी मी पेडण्याच्या वाचनालयाकडे अक्षरशः धावत सुटले. गोवा घटक राज्य होत होतं आणि ते फळ्यावर मी लिहिणार होते! तिथला ‘आजचा दिनविशेष’ रोज माझ्याच हातचा. बाजारात फटाके फुटत होते, म्हापशाच्या बसना झेंडे लागले होते. कोकणी की मराठी या वादात वर्षभर एकमेकांचं तोंड न बघणारे दोन दुकानदार एकाच पुड्यातले पेढे खात होते. मी लाल खडूने हे एवढं मोठं लिहिलं: ‘आज गोवा घटक राज्य झाले.’

ग्रंथपाल काका आले, त्यांनी चष्मा पुसला आणि मग ती ओळही पुसली.

“आज घडटा ती खबर,” ते म्हणाले. “दिनविशेश जावपाक एक वर्स तरी सरूंक जाय.”

वर्ष सरल्याशिवाय म्हणे दिनविशेष नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फळ्यावर उरली साडेपाचशे वर्षांपूर्वी याच तारखेला फ्रान्समध्ये जाळलेली एक मुलगी. तिच्याखाली नुसती ओली जागा.

तेवढ्यात बाजाराची पिशवी घेऊन आई आली. आई सावंतवाडीकडची, लग्न होऊन पेडण्यात आलेली. त्याच आठवड्यात ती कचेरीत एका अर्जाच्या रांगेत उभी होती. पुढच्या चारही बायका तिच्याच माहेरच्या बाजूच्या, आणि चौघींची जन्मतारीख एक जून. आईचीही तीच. शाळेत नाव घालताना तिकडचे मास्तर सरसकट तीच तारीख देऊन मोकळे होत, त्यामुळे अख्खा वर्ग एका दिवशी जन्मलेला. कारकून हसून म्हणाला होता, “तुमच्या गांवांत दुसऱ्या दिसांनी कोण जल्मतच ना काय?”

त्या दिवशी आई जेवली नाही. तिला स्वतःचा एक दिवस हवा होता. मी शोधून देते म्हणाले खरी, पण शोधणार कुठे?

“ही जागा कोणाची?” आईने फळ्याकडे बघत विचारलं.

“राज्याची होती,” मी फणकारले. “पण काकांना जुनंच लागतं.”

आई काकांकडे वळली. “मी जुनीच आसंय मा. मी जन्मलंय तेव्हा बापूस पावसाआधी घर शाकारी होतो. म्हणजे ह्याच दिसांनी. मास्तरान दिल्लो एक जून सगळ्यांचो. आजचो दिस माका दिया.”

काका नेमाचे एवढे पक्के की वाचनालयात खोकणाऱ्यालाही बाहेर पाठवत.

“वर्स खंयचें?” त्यांनी विचारलं.

“दाखल्यार आसा तां. वर्ष खरा आसा.”

काकांनी बराच वेळ डोकं खाजवलं. “नेमांत बसता,” ते म्हणाले आणि खडू माझ्या हातात दिला.

आईने नाव सांगितलं ते माहेरचं. कितीतरी वर्षांनी ते कुणी लिहीत होतं. बाहेर पडताच त्या दोघांतल्या एका दुकानदाराने घटक राज्याचा म्हणून पेढा पुढे केला, तो तिने वाढदिवसाचा म्हणून घेतला. मला इतका आनंद झाला की मी रस्त्यातच तिला मिठी मारली, आणि ती लाजून माझ्यावर ओरडली.

पुढच्या तीस मेला काकांनी स्वतः फळा लिहिला, सनावारीने. आधी फ्रान्सची मुलगी, मग आई, शेवटी घटक राज्य.

आईने बोट फिरवत सगळं वाचलं. “म्हणजे राज्य माझ्या पाठचां,” ती म्हणाली.