सभासदाची टोपी

"टोपी काढ," नाना म्हणाले.

मला वाटलं, गंमत करतायत. मी हसलो. नानांनी हात पुढे केला आणि माझ्या डोक्यावरची पांढरी टोपी दोन बोटांनी उचलून घेतली. अख्ख्या गावासमोर.

शाळेच्या नव्या इमारतीपुढे मांडव घातला होता. उद्घाटनाला जिल्ह्याचे मोठे साहेब येणार होते. स्टेजच्या पायरीवर माझा एक पाय होता. वर पंचायतीच्या सभासदांच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यातली एक माझी. मी निवडून आलेला होतो.

"सायबले खरा भिल दखाडना शे," नाना म्हणाले. "टोपीवाला भिल काय कामना?"

त्यांनी माझ्या हातात नाटकवाल्यांच्या पेटीतला पुठ्ठ्याचा टोप दिला. वर कोंबडीची पिसं चिकटवलेली.

हेच नाना वर्षभरापूर्वी आमच्या भिल्लांच्या वस्तीत, भिलाटीत, आले होते. तापीकाठी त्यांची केळी, त्यांचा ऊस. गावात त्यांच्या शब्दापुढे शब्द नाही. पंचायतीत एक जागा आमच्यासाठी राखीव होती आणि मी चौथी शिकलेला, म्हणून मलाच उभं करायचं होतं. नाना माझ्या घरात खाली बसले. माझ्या बायकोच्या हातचं पाणी प्यायले. खिशातून नवी टोपी काढून स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यावर ठेवली.

"आजपाईन तू मन्हा भाऊ शे."

आई रडली. आमच्यात डोक्याला फडकं असायचं, टोपी कुणाच्या नशिबी नव्हती. मी ती दर बाजाराला धुवायचो. तांब्यात निखारे घालून इस्त्री करायचो. प्रकाशा गावच्या यात्रेत पोलीस मला "ओ भाऊ, बाजूला व्हा" म्हणाला. एरवी आम्हाला नुसतं "ए" असतं. त्या टोपीसाठी मी घरोघर फिरलो. भिलाटीचं एकेक मत नानांना दिलं.

आणि आता हा टोप.

आमच्यात डोक्याला पिसं होळीला लावतात. तीही नवसाची. नवसाचा माणूस जमिनीवर झोपतो, बाईला शिवत नाही, मगच मोरपिसांचा टोप घालतो. माझ्या वडिलांनी पाच होळ्या नवस पाळला होता. ते गर्दीत मागे उभे होते.

मी टोप घातला. मी नाचलो. लपवत नाही. ढोल वाजला आणि पाय हलले. स्टेजवरचे लोक हसत होते.

स्टेजवर येऊन बसलेल्या साहेबांनी विचारलं, "हा कोण?"

नाना म्हणाले, "आमचा गडी."

'आमचा सभासद' असं म्हणाले नाहीत. माझ्या खुर्चीवर हार ठेवले होते.

घरी आलो तर वडील दारात बसलेले. आमच्या बोलीत एवढंच म्हणाले, "कुणाचा नवस फेडलास?"

त्या दिवशी मी जेवलो नाही.

दिवस मावळताना नानांच्या माणसाने टोपी परत आणली. नीट घडी घातलेली. मी घेतली नाही. तो म्हणाला, नाना रागावतील. मी म्हणालो, रागावू देत.

टोपी परत का आली ते पुढच्या बैठकीत कळलं. भिलाटीमागचं, आमची गुरं चरायची ते गायरान मोठ्या शेतकऱ्यांच्या खळ्यांना द्यायचा ठराव होता. बाकीच्यांच्या सह्या झालेल्या. माझ्यापुरती जागा मोकळी.

"सही कर," नाना म्हणाले.

"वाचतो आधी."

"तू वाचशी?"

मी वाचलं. बोट ठेवून, सावकाश. सगळे थांबले. मग ग्रामसेवकाला म्हणालो, "लिहा. एका सभासदाचा विरोध."

ग्रामसेवक नानांकडे बघायला लागला.

"त्यांच्याकडे बघू नका. मी सांगतोय. लिहा."

नानांसमोर मी पहिल्यांदाच शाळेतली मराठी बोललो. ग्रामसेवकाने लिहिलं.

ठराव मंजूर झालाच. दुसऱ्या दिवसापासून भिलाटीतल्या एकालाही शेतकऱ्यांकडून कामावर बोलावणं आलं नाही. बायका मला बोलल्या. त्यांचं चूक नव्हतं. त्यांची मतं मीच नेऊन दिली होती.

मी शहाद्याला चालत जाऊन तहसील कचेरीत ठरावाविरुद्ध अर्ज दिला. उत्तर नाही. दुसरा दिला. तोवर गायरानात खळ्यांचे खुंट रोवले गेले.

मग मी भिलाटीत सांगितलं, उद्या गुरं तिथेच सोडायची. खुंट मी उपटणार, माझ्या हाताने, दिवसाढवळ्या. पोलीस येतील. येऊ देत. मी पळणार नाही. नाव विचारलं तर बापाच्या नावासकट सांगीन, आणि सोडून दिलं की परत तिथेच जाईन.