विमानाच्या पोटातला माणूस

गाडी भरली की भाई दोरी बांधू द्यायचा नाही. आधी सामानाला खांदा लावून जोरात ढकलायचा. एखादं पोतं हललं की म्हणायचा, "उतार सगळं. हे इथंच हालून राह्यलं, घाटात काय होईन?"

टेम्पो माझा, अन् हुकूम याचा! जन्मभर मुंबईला विमानात सामान भरलं आणि म्हातारपणी आर्णीला आमच्या शेजारी राहायला आला. तुम्ही-आम्ही विमान खालून पाहतो. हा त्याच्या पोटात रांगलेला. तिथं छत एवढं बुटकं की माणूस उभा राहत नाही. त्याचे गुडघे तिथंच गेले. नमाजालाही खुर्ची लागायची.

माझी बायको त्याला चिडवायची, "भाई, एवढी वर्षं विमानात होते, अन् एकदा बी उडले नाही?"

"कसा उडन भाभी? दार लावलं का आपण बाहेर."

मुलीच्या बाळंतपणाला बायको रेल्वेनं बंगलोरला गेली आणि तिथंच छातीत कळ येऊन संपली. जावई तिला विमानानं नागपूरला घेऊन निघाला. जावई वर सीटवर, ही खाली. जन्मात पहिल्यांदा विमानात चढली, ती अशी.

मी टेम्पो काढला. भाई न विचारता शेजारी येऊन बसला. वर्ध्याला डिझेल भरलं. मग म्हटलं, "लोकाच्या बॅगांखाली दाबतीन का रे तिले?"

"पागल झाला का? पेटीवर काही ठेवत नाहीत. मी तं पट्टे आवळले का पेटीवर हात ठेवून सांगो, कुठं चालली ते."

"मेलेल्या माणसाले?"

"मंग कोनाले? अंधारात एकटंच राह्यते ते."

नागपूरला पेटी ताब्यात मिळाली. भाईनं ती टेम्पोत दोन्हीकडून आवळून बांधली. जावई माझ्याजवळ पुढं बसला. मी भाईला म्हटलं, "तू बी पुढं ये, गुडघे मरतीन."

"तू गाडी चालव," तो म्हणाला, आणि मागं पेटीला टेकून बसला.

रस्ताभर मागून त्याचा आवाज येत होता. जावयाला वाटलं, फोनवर बोलतोय. फोन तर त्याचा माझ्यासमोर पडला होता. इंजिनापायी शब्द कळत नव्हते. कळंबजवळ तो हसला. मला असा राग आला! मग वाटलं, तीच काही बोलली असेल.

आर्णीत आधी पेटी उतरवली, मग चौघांनी धरून भाईला. त्याचे पाय सरळच होईनात.

एवढा वेळ तिच्याशी काय बोलला, हे विचारायचं होतं. लाज वाटायची. आज विचारू, उद्या विचारू करत दोन वर्षं घालवली. गेल्या उन्हाळ्यात भाईही गेला.

कब्रस्तानात मीही माती दिली. तिसरी मूठ टाकताना हळूच विचारलं, "कळंबले हसला कायले होता रे?"

मागचा माणूस म्हणाला, "काका, सरका थोडं."

मी सरकलो.