फोटोतून बाजूला

शहागडजवळचं ते शेत अब्बांनी आयुष्यभर बटईनं केलं. जमीन मालकाची, मेहनत आमची, खर्च आणि पीक निम्मं निम्मं. जुने मालक वारल्यावर सातबाऱ्यावर त्यांच्या मुलाचं नाव लागलं. तो जालन्यात राहतो. अब्बांना तो चाचा म्हणतो, अब्बा त्याला भाऊ म्हणतात.

त्या वर्षी गोदावरीचं पाणी कपाशीत शिरलं आणि उतरायचं नावच घेईना. बोंडं झाडावरच सडली. मग पंचनाम्याचा निरोप आला. त्या सकाळी अब्बांनी चहासुद्धा पुरा घेतला नाही. शेतात जायचे, पुन्हा हायवेपर्यंत यायचे, मालकाची गाडी दिसते का बघायचे. त्यांना एकटं सोडवेना म्हणून मी शिवणकाम ठेवून सोबत गेले.

मालक आला, पाठोपाठ पंचनाम्याचे साहेब आले. साहेबांनी हद्द विचारली तेव्हा मालकानं अब्बांकडं पाहिलं. अब्बांनी चिखलात उतरून चारी बांध दाखवले. मग फोटोच्या वेळी साहेब म्हणाले, "चाचा, जरा बाजूला व्हा." अब्बा झाले. शेत कोण कसतंय, असं साहेबांनी सहज विचारलं.

"आम्हीच," मालक म्हणाला.

अब्बा बांधावर पाय घासून चिखल काढत राहिले. पण त्या दिवसापासून ते एका जागी बसेनात. जेवता जेवता उठायचे, दारात जाऊन उभे राहायचे. नुकसानीचं अनुदान मालकाच्या खात्यात जमा झाल्याचं गावातूनच कळलं. अम्मी म्हणाली, जाऊन विचारा. अब्बा जालन्याला निघाले, मीही गेले.

मालकानं आदरानं बसवलं. नाव त्याचं, म्हणून पैसे त्याला आले, असं तो समजावत राहिला. साहेबांना खरं का सांगितलं नाही, हे मी विचारलं तेव्हा मात्र अडखळला. मग म्हणाला, "तुमचं नाव कागदावर आलं की उद्या कूळ म्हणून जमिनीवर हक्क सांगाल. लोक तसंच सांगतात."

अब्बा उभे राहिले. "तुमच्या वडिलांपासून कसून राह्यलो, भाऊ. बांध कधी हातभर तरी सरकला का?"

निम्मा वाटा द्यायचं नाव मात्र त्यानं काढलं नाही.

मालक कबूल होईपर्यंत पेरायचं न्हाई, असं अम्मीनं ठरवलं. अब्बा अंगणात येरझारा घालत राहिले. रानाला वाफसा आला होता, पेरणीजोगी ओल उडून चालली होती. शेवटी एका पहाटे कुणाला न सांगता गेले आणि हरभरा पेरून आले. अम्मीनं त्यांच्याशी बोलणं सोडलं.

हरभरा वर आल्यावर मालकानं मला फोन केला. मोबाईलवर पीक नोंदवायचं होतं, त्याला शेतात उभं राहून काढलेला फोटो लागतो. तेवढं मी करावं, ओटीपी तो सांगेल.

"शेत तुम्ही कसता ना? मंग तुम्हीच या," मी म्हटलं. बोलून गेले खरी. त्यानं बटई काढून घेतली असती तर?

तो आला. फोटो काढला, बराच वेळ बांधावर बसून राहिला. जाताना त्यानं अब्बांच्या हातात अनुदानातला निम्मा वाटा ठेवला. अम्मी त्या दिवशी अब्बांशी बोलली.

बटईचा लेखी करार मात्र तो करत नाही. दर हंगामाला अब्बा विचारतात, तो पुढं ढकलतो. परवा मी अंबडला एका वकिलाला भेटून आले. अब्बांना अजून सांगितलेलं नाही. कळलं तर मालकाला आधी सांगून टाकायला ते लगेच जालन्याची एसटी धरतील.