आईंना समुद्र दाखवायचा होता

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये आमचा चार मराठी घरांचा ग्रुप आहे. समुद्रावर जायचं ठरलं की चार गाड्या निघतात. परत येताना प्रत्येक गाडीच्या कार्पेटमध्ये वाळू असते आणि प्रत्येकाकडे नवा किस्सा. वाळू व्हॅक्यूमने निघते, किस्से पुढच्या समरपर्यंत निघत नाहीत. यंदाचे सगळे माझ्या सासूबाईंच्या नावावर.

आई अमरावतीच्या. उभ्या आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. सासरे "पुढच्या मे महिन्यात नक्की" म्हणता म्हणता गेले. एअरपोर्टवरच आईंनी मला सांगून टाकलं, "राजाचा महाल नाही दाखवला तरी चालंल. समुद्र दाखव." परतीचं तिकीट सप्टेंबरचं. मी म्हटलं, त्यात काय! बेटावरच तर राहतो आपण, कुठूनही सरळ निघालं तरी समुद्रच लागणार.

*

पहिल्या वेळी पुढे केदार. तो आमचा लीडर, स्वतःच स्वतःला नेमलेला. "माझ्या मागे या, डोकं लावू नका." आम्ही नाही लावलं. आमच्या गावात पावलोपावली राउंडअबाउट, म्हणजे वळसा घालून जायचे गोल चौक. पहिल्याच मोठ्यावर केदारला बाहेर पडायची लेन मिळेना, म्हणून तो फिरत राहिला. मागून आम्हीही. चार गाड्यांच्या तीन फेऱ्या झाल्या.

मागच्या सीटवर आईंनी हात जोडले. "चांगली पद्धत आहे. निघताना प्रदक्षिणा घालता."

*

दुपारी किनारा आला. किनारा होता, समुद्र नव्हता. ओहोटीची वेळ कोणीच बघितली नव्हती. नजर जाईल तिथवर नुसता चिखल.

"अगं, एवढं दूर आलो अन् समुद्र घरी नाही काय?"

मंदार, म्हणजे माझा नवरा, त्यांना चंद्राचं गुरुत्वाकर्षण समजावू लागला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तूच सांगतो नं, इथं कोणाकडे न कळवता जायचं नाही? फोन करून निघायचं होतं."

*

दुसऱ्यांदा निघालो ते बँक हॉलिडेला, म्हणजे अख्ख्या देशाबरोबर. मोटरवे ठप्प. शेवटी सर्व्हिसेसला, म्हणजे मोटरवेवरच्या थांब्यावर, थांबलो आणि पार्किंगमध्येच धपाटे, दहीभात, ठेचा काढला. शेजारच्या कॅम्परव्हॅनमधल्या बाईंना आईंनी कौतुकाने ठेचा दिला. बाई लालबुंद झाल्या, घळाघळा रडल्या आणि पुन्हा मागायला आल्या.

दुपार तिथेच संपली, आम्ही तिथूनच घरी वळलो. मला फार लागलं. तिकीट आठवड्यावर आलं होतं.

*

मी मंदारला म्हटलं, "किल्ली इकडे दे." सगळ्यांना शुक्रवारची सुट्टी टाकायला लावली, भरतीची वेळ बघितली आणि थेट देशाच्या टोकाचं कॉर्नवॉल गाठलं. पुढे मी, शेवटी केदार.

किनाऱ्याला अगदी शेवटचा मैल राहिला. एक गाडी जेमतेम मावेल असा रस्ता, दोन्हीकडे उंच झुडपं, आणि समोरून ट्रॅक्टर. त्याच्यामागे गवताचा ट्रेलर, म्हणजे मागे आम्हीच जायचं. चौघांनीही. आणि केदारला रिव्हर्स जमत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं. गावात गोल फिरून परत येता येतं, मग रिव्हर्स घेतो कोण!

मंदार उतरून "येऊ दे, येऊ दे, बस्स" करत पळतोय, केदारची गाडी अर्धी झुडपात, ऊन उतरत चाललेलं. मी तर इतकी भडकले होते की केदारला तिथेच सोडून जाणार होते. मागे वळले, तर आईंची सीट रिकामी.

ट्रॅक्टरच्या कडेने अंग चोरून त्या एकट्याच पुढे गेल्या होत्या.

सुटका झाल्यावर आम्ही सगळे धावतच किनाऱ्यावर पोचलो. वाळूवर त्यांच्या चपला जोडीने काढून ठेवलेल्या. आई घोटाभर पाण्यात, साडी जराशी उचललेली, पदर डोक्यावर. रडत होत्या. मलाही आवरेना.

मी पाण्याकडे निघाले, तर म्हणाल्या, "चपला तिथंच काढा सगळ्यांनी."

आम्ही ओळीने काढल्या. केदारनेही त्याचे महागडे शूज काढले. बाजूने एक गोरे आजोबा कुत्रा घेऊन चालले होते. आईंनी त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. "भाऊ, तुम्हीपण."

आजोबांनी चपलांची रांग पाहिली, आईंकडे पाहिलं, आणि वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागले.