हरणाबाईंनी निवडलेला बाळहिरडा

चुलते वारले आणि इस्लामपुरातलं काष्ठौषधींचं दुकान बशीरच्या गळ्यात पडलं. तोवर तो मोबाइल दुरुस्त करायचा. डब्यांवरची नावं त्याला पाठ होती, पण हिरड्याचं झाड त्याने कधी पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक तुटत चाललं होतं. अशात सांगलीच्या एका वैद्यबाईंनी पोतंभर बाळहिरडा मागवला. माल पसंत पडला तर त्यांच्या दवाखान्याचं कायमचं काम मिळणार होतं. नाहीतर दुकानाला कुलूप.

बशीर पाटणच्या डोंगरात हरणाबाईंच्या वाडीवर गेला. साठीच्या हरणाबाई दर उन्हाळ्यात हिरडा गोळा करून अंगणात वाळवत. ढीग पाहून बशीरने बाह्या सरसावल्या आणि टपोरी फळं तेवढी वेचून पोत्यात भरू लागला. हरणाबाई तंबाखू मळत गंमत बघत बसल्या. पोतं अर्धं झाल्यावर म्हणाल्या,

"आंबं न्यायला आलायस का हिरडं रं?"

"आवं मावशी, बाईंना चांगला माल पायजे."

"मग बारकी का टाकतोस?"

त्यांनी पोत्यातलं एक टपोरं फळ दगडावर ठेवून वरवंट्याने फोडलं. आत टणक बी. मग ढिगातलं एक बारकं, काळं फळ फोडलं. त्यात बी नव्हतीच.

"बी धरायच्या आत गळतो त्यो बाळहिरडा. तू भरलास त्यो म्हातारा. बाईनं दारातनं हाकलला असता तुला."

बशीरचा चेहरा उतरला. त्याने पोतं परत ढिगावर ओतलं. दिवस कलेपर्यंत दोघं निवडत बसले. हरणाबाईंचा हात सुपात भराभर फिरायचा. बशीर दर चार फळांमागे "हे चालंल?" विचारायचा, आणि त्या मान वर न करता "टाक" म्हणायच्या.

सांगलीत वैद्यबाईंनी मूठभर फळं फोडून पाहिली. एकातही बी निघाली नाही.

"निवड तुमची? नजर तयार आहे."

हो म्हणावं, असं बशीरला क्षणभर वाटलं.

"माझी न्हाई, मॅडम. मी उलटाच माल भरला होता. पाटणच्या हरणाबाईंमुळं वाचलो."

बाई हसल्या. "मग यापुढेही त्यांच्याच हातचा आणा."

बाहेर येऊन त्याने वाडीवर फोन लावला. "मावशी, माल घेतला! दुकान राहिलं तुमच्यामुळं."

"व्हय? लय ब्येस झालं," हरणाबाई म्हणाल्या. "आता म्होरल्या साली लवकर ये. वाळल्यावर तुला फळ वळखू येत न्हाई, निदान झाडाखाली बसून शीक."