वकिलीचं कार्ड

पुण्याहून आलेल्या प्रशिक्षक बाईंनी आम्हाला कोरे कागद वाटले आणि म्हणाल्या, "आज प्रत्येकीने आपापलं मिशन स्टेटमेंट लिहायचं. खाली सही करायची." माझ्या मनात तिथेच पाल चुकचुकली. कोरा कागद आणि सही एकत्र आले की मी आधी चष्मा पुसून घेते. स्वभावच तसा आहे, काय करणार? भाजीवाल्याने स्वतःहून कोथिंबीर जास्त दिली तरी मी जुडी सोडून आत बघते.

"म्हणजे नक्की काय लिहायचं?" मी विचारलं.

"आपण हे काम का करतो, कोणासाठी करतो, ते एका वाक्यात. स्वतःसाठी लिहायचं, काकू. मनात स्पष्टता येते."

स्वतःसाठी लिहायचं तर मग तुमच्याकडे कशाला द्यायचं? हे मी बोलले नाही, पण तोंडावर दिसलंच असणार. त्या दिवसांत आमच्या संस्थेत माणसं कमी करणार अशी कुजबुज चालली होती. मला वाटलं, यात काहीतरी पाणी मुरतंय. ज्या बाईचं वाक्य फिसकटेल ती बाई घरी.

आमची संस्था म्हणजे इंदिरानगरातल्या एका बिल्डिंगमधल्या भाड्याच्या दोन खोल्या. काम असं की, खेड्यापाड्यांतून नाशिकच्या मोठ्या दवाखान्यात येणाऱ्या पेशंटबरोबर जायचं. कुठल्या खिडकीवर केसपेपर काढायचा ते दाखवायचं, डॉक्टर काय म्हणाले ते पुन्हा विचारायचं आणि पेशंटला उमजेल असं सांगायचं. या कामाला काही नाव नव्हतं. लोक मला 'सोबतवाल्या बाई' म्हणायचे आणि माझं काही अडलं नव्हतं.

मी कागदावर लिहिलं, 'मी पेशंटसोबत दवाखान्यात जाते.'

प्रशिक्षक बाई गोड हसल्या. "हे तर काम झालं, काकू. ध्येय कुठाय? तुम्ही जे करता ना, त्याला जनवकिली म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात. आपल्या क्षेत्रात."

मग आम्ही दोघींनी, म्हणजे त्यांनीच, वाक्य तयार केलं: 'वंचित रुग्णांच्या आरोग्यहक्कांची वकिली करणे हे माझे जीवितध्येय आहे.' महिन्याभरात ते वाक्य छापून आलं. गळ्यात अडकवायचं कार्ड, त्यावर माझा फोटो, वर ठळक अक्षरात 'आरोग्य वकिली' आणि खाली माझं जीवितध्येय. खोटं कशाला बोलू, घरी आल्यावर आरशात एकदा बघितलं मी. बरं दिसत होतं. पण वकिली या शब्दापाशी नजर अडायची ती अडायचीच.

त्याच आठवड्यात ती आली. इगतपुरीकडच्या एका पाड्यावरची, भातशेतीत राबणारी. तिच्या छातीत गाठ होती. लावणीच्या वेळी लपवली, कापणीच्या वेळी लपवली, शेवटी नवऱ्याच्या लक्षात आलं. आमची गावातली कार्यकर्ती कितीदा तरी तिच्या दारात जाऊन बसली, तेव्हा कुठे ती यायला तयार झाली, आणि तीही एका अटीवर. मला भेटल्या भेटल्या तिने ती अट पुन्हा सांगितली.

"नाशिकपरेंत आले. मुंबईला नाय जानार. माझ्या आत्याला मुंबईला नेलं, ती परत आलीच नाय. मुंबईचं नाव काढलं तर मी सरळ घरी."

आणि ती खरंच गेली असती. एकदा घरी गेली की पुन्हा दवाखान्याची पायरी चढणारी ती बाई नव्हती. गाठ वाढत राहिली असती आणि ती तांदूळ निवडत राहिली असती.

तिचा माझ्यावर काडीचा विश्वास नव्हता. मी चहा आणला तर म्हणाली, "तुमी प्या आदी." मी प्यायले. मग तिने घोट घेतला. थोड्या वेळाने विचारलं, "दवाखान्याकडनं काय भेटतं का तुमाला, मानसं आनली की?"

"नाही गं बाई. मला संस्था पगार देते."

"आन संस्थेला कोन देतं?"

मला ती एकदम आवडली. हाच प्रश्न मी संस्थेत किती वर्षं विचारतेय!

नंबर आला. आम्ही तिघं आत गेलो: ती, तिचा नवरा आणि मी. डॉक्टर तरुण होते, आवाजाने मऊ. त्यांनी तिला पडद्यामागे नेऊन तपासलं. परत येऊन म्हणाले, "सुईने तपासणी इथेच करू. रिपोर्ट आला की पुढचं ठरवू. ऑपरेशन लागलं तर तेही इथे होईल." माझा जीव भांड्यात पडला. मी पुढे वाकून विचारलं, "सुई दुखेल का, ते जरा तिला सांगता?" वाकले तसं गळ्यातलं कार्ड त्यांच्या टेबलावर लोंबलं.

त्यांनी ते वाचलं. चेहराच बदलला.

"तुम्ही वकील आहात?"

"छे हो! मी तर..."

"लिहिलंय की इथे." पेन खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, मी जणू पदराखाली फोन लपवून सगळं टिपून घेतेय. मग पुन्हा पेन उचललं. "हे बघा, केस गुंतागुंतीची असू शकते. उगाच उद्या काही झालं तर... मुंबईला दाखवून घ्या. मी चिठ्ठी देतो."

मला पुढे बोलू न देता त्यांनी चिठ्ठी लिहून हातात दिली. आम्ही बाहेरच्या बाकड्यावर आलो तर नवऱ्याने माझं कार्ड हातात धरून एकेक अक्षर लावलं. "व-कि-ली. ताई, तुमी वकील? आमी कुनावर केस नाय केली. हिला कोर्टात उबं करनार का तुमी?"

ती उठून उभी राहिली. "मी सांगत नव्हते? मुंबईचं नाव काढलंच ना. चला घरी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. डॉक्टरवर, त्या प्रशिक्षक बाईंवर, त्या छापखान्यावर! कार्ड ओढून काढलं आणि पिशवीच्या तळाशी कोंबलं. "अगं थांब! मी वकील नाही, कुण्णी नाही!"

"मंग कोन हाय?" ती वळून म्हणाली. "कोन नाय तर माझ्यामागं कशाला लागलाय? तुमाला काय पडलंय माझं?"

कागदावर जे लिहायचं होतं ते हेच. विचारलं तिने, आणि उत्तर द्यायला मला जनवकिली सुचेना.

"माझी बहीण होती," मी म्हणाले. "पंचवटीत दिली होती. तिलाही गाठच होती. कुणाला न सांगता एकटी दवाखान्यात जायची. डॉक्टर बोलायचे, ती मान हलवायची. घरी येऊन सांगायची, काही नाही, गोळ्या दिल्यात. आम्ही विचारलं तर म्हणायची, डॉक्टर भराभर बोलले, विचारायची लाज वाटली. ती गेली. डॉक्टर काय म्हणाले होते ते मला आजतागायत माहीत नाही." बाकड्यावरची माणसं बघत होती. बघेनात का!

तिने माझ्या तोंडाकडे बघून खरं की खोटं ते तपासलं. मग म्हणाली, "हे डाक्टरला सांगा की. गळ्यात पाटी कशाला?"

आम्ही पुन्हा आत गेलो. कंपाउंडर ओरडला, मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडले. डॉक्टरांना सगळं सांगितलं, बहिणीचं, कार्डाचं, आत्याचं. "तुम्हाला माझा संशय येतो ना? मग मी बाहेर बसते. पण मुंबई लिहिलंत तर ही घरी जाईल आणि मरेल. तुम्ही आत्ताच म्हणालात, सगळं इथे होईल."

त्यांनी चिठ्ठी परत मागून घेतली, फाडली आणि मला म्हणाले, "बसा, मावशी." मग तिला म्हणाले, "तुम्हीही बसा." सुईची तपासणी त्याच दुपारी झाली.

संस्थेत जाऊन मी नवं वाक्य लिहून दिलं: 'डॉक्टर बोलत असताना कुणी नुसती मान हलवू नये.' पुण्याहून पुन्हा आलेल्या प्रशिक्षक बाई म्हणाल्या, "काकू, यात वकिली कुठे आली?" मी म्हटलं, म्हणूनच बरं आहे. त्यांनी कागद फाईलला लावला. त्या फाईलचं त्या काय करतात ते मला अजून कळलेलं नाही, आणि माझी शंकाही फिटलेली नाही.

रिपोर्टच्या दिवशी आम्ही पुन्हा त्याच खोलीत बसलो. डॉक्टर म्हणाले, गाठ चांगली नाही, पण वेळेत आलात, ऑपरेशन करावं लागेल. पुढे ते बरंच काही बोलले, भराभर. ती मान हलवत होती. एकदा हलवली, पुन्हा हलवली. तिच्या जागी मला बहीणच दिसायला लागली. विचारायला मी तोंड उघडलं.

तेवढ्यात तिची मान थांबली. टेबलाच्या कडेवर हात ठेवून ती म्हणाली, "थांबा, डाक्टर. मला नाय कळलं. परत सांगा."

मी तोंड मिटलं. डॉक्टरांनी परत सांगितलं.