वाळूतली शंभर घरं

ओहोटी लागली की शाळेची ती बाई ओल्या वाळूत काठीने मोठा चौकोन आखायची. त्यात दहा पट्ट्या, एकेका पट्टीत दहा घरं. रेघ वाकडी गेली की टाचेने पुसायची. नाव मी कधी विचारलं न्हाय.

माझ्या नातीचं गणित तिने चूक दिलं. शून्य पॉइंट तीन अधिक शून्य पॉइंट पंचवीस. उत्तर मीच सांगितलेलं, शून्य पॉइंट अठ्ठावीस. जन्म मिठागरात हिशेब करण्यात गेला माझा, मला शिकवते? नातीला घेऊन भांडायलाच गेलो.

बाईने माझ्या हातात शिंपले दिले. "बाबा, हा अख्खा चौकोन म्हणजे एक. त्यात शून्य पॉइंट तीन भरून दाखवा."

मी तीन घरं भरली. पोरं खिदळली.

"घरं न्हाय बाबा, पट्ट्या," बाई म्हणाली. " पॉइंटनंतरचा पहिला आकडा पट्ट्यांचा, दुसरा घरांचा. आकडा किती मोठा ते सोडा, जागा किती भरली ते बघा."

वाळूत आभाळ उतरलं होतं. शिंपले आभाळातच मांडतोय असं वाटलं. तीन पट्ट्या, मग पंचवीस घरं. नातीने मोजली, शंभरातली पंचावन्न. म्हणजे शून्य पॉइंट पंचावन्न.

"आजोबा, तुमचं चुकलं व्हय?" तिने हळूच विचारलं.

बाई समुद्राकडे बघत राहिली.

"व्हय गं," मी म्हणालो. "पुढचं गणित घाला, बाई."